हरकत कशाला, हे आधी ठरवा

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एकाने शेजाऱ्याच्या घराला खेटून डुकरांचा गोठा बांधला. जागा त्याची स्वतःची होती. शेजाऱ्याचं नाव विल्यम ऑल्ड्रेड. घरात दुर्गंधी शिरायला लागली तसा तो कोर्टात गेला. गोठेवाल्याच्या बाजूने असं मांडलं गेलं की डुकरं पोटासाठी पाळावी लागतात, आणि त्यांचा वासही सोसवू नये इतकं नाजूक नाक माणसाने बाळगू नये. १६१० साली निकाल ऑल्ड्रेडच्या बाजूने लागला. जागा तुझी असली तरी शेजाऱ्याचं नुकसान होईल असा तिचा वापर तुला करता येणार नाही, हे त्यातलं मुख्य सूत्र. पण त्याच निकालात एक भेद केला गेला आणि मला तो सूत्राहून मोलाचा वाटतो. स्वच्छ हवा आणि उजेड या गरजेच्या गोष्टी, त्या हिरावल्या तर दाद मागता येईल. खिडकीतून दिसणारा देखावा ही आनंदाची गोष्ट. तो गेला तर वाईट वाटेल, पण दावा लावता येणार नाही.

स्थानिक नियोजनाची कुठलीही सुनावणी घ्या. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर चार मजले चढणार आहेत, कुणाला तळमजल्यावर दवाखाना काढायचा आहे, कुणी कुंपण दोन हात पुढे सरकवलं आहे, एखादी गल्ली एकेरी होणार आहे. हरकतींचा गठ्ठा टेबलावर येतो. त्यातल्या एका अर्जात लिहिलेलं असतं की हद्द चुकीची धरली आहे. दुसऱ्यात असतं की आमच्या स्वयंपाकघरात दिवसा दिवे लावावे लागतील. तिसऱ्यात, बऱ्याच आडवळणाने, असतं की तिथे जी माणसं राहायला येतील ती आम्हाला नकोत. तिन्ही अर्जांना एकच शब्द, हरकत. तिन्हींची नोंद एकाच वहीत, आणि शेवटी मोजणी होते ती डोक्यांची. माझं म्हणणं एवढंच आहे की हे तीन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना उत्तर देण्याच्या तीन वेगळ्या जागा आहेत, आणि त्यांची खिचडी करण्यातूनच स्थानिक नियोजनाचे बहुतेक चुकीचे निर्णय जन्माला येतात.

हद्दीपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यात सोपी आहे आणि तिच्यावरूनच सगळ्यात कडवट भांडणं होतात. वीतभर जमिनीसाठी दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. गंमत अशी की ज्या नकाशावर बोट ठेवून दोघं तावातावाने बोलत असतात, त्या नकाशाला त्या वीतभर जमिनीविषयी बहुधा काही सांगायचंच नसतं. नकाशाचं प्रमाण १:१२५० असेल आणि रेघ अर्ध्या मिलिमीटर जाडीची असेल, तर ती नुसती रेघच जमिनीवर साठ सेंटिमीटरहून जास्त रुंद होते. वादाची अख्खी पट्टी त्या शाईत बुडालेली असते. इंग्लंडमधली जमीन नोंदणी तर साधारणपणे उघडच सांगते की नकाशावरची हद्द ढोबळ आहे, कायदेशीर रेषा नेमकी कुठे ते त्यावरून ठरत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेल्या पद्धतीत सरकारी नोंद हाच मालकीचा अखेरचा पुरावा ठरला आणि जुन्या खरेदीखतांच्या साखळीत शिरायची गरज उरली नाही. तरीही मालक कोण हे ठरणं वेगळं आणि खुंटी कुठे ठोकायची हे ठरणं वेगळं. त्यासाठी मोजणीदारच लागतो.

म्हणजे हद्दीच्या वादाला उत्तर असतं. मोजणी करा, जुन्या खुणा शोधा, वहिवाट किती वर्षांची आहे ते पाहा, नाहीच जमलं तर न्यायालय आहे. ज्या वादाला उत्तर आहे तो मतांवर सोडवायचा नसतो. वस्तीतल्या दोनशे लोकांनी सह्या केल्या म्हणून कुंपण खरं किंवा खोटं ठरत नाही. तरीही हद्दीचे वाद बांधकाम परवानगीच्या सुनावणीत हटकून येतात, कारण परवानगी अडकवून ठेवायची ती सगळ्यात स्वस्त युक्ती असते. नियोजन अधिकाऱ्याने अशा अर्जावर एवढंच लिहावं की हा प्रश्न मोजणीचा आहे, तिकडे जा, आणि पुढचा कागद घ्यावा. तो असं करत नाही. लांबवतो. लांबवण्यात कुणाचंच वाईट होत नाही, अशी त्याची समजूत असते.

विभागीकरणाचं तसं नाही. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने, किती उंच, रस्त्यापासून आणि बाजूच्या हद्दीपासून किती अंतर सोडून, हे ठरवणारे नियम मोजणीतून निघत नाहीत. ते समाजाने ठरवायचे असतात. आणि ते ठरवताना सुरुवातीपासूनच दोन हेतू एकमेकांत मिसळलेले आहेत, एक स्वच्छ आणि एक मळका.

न्यूयॉर्कची गोष्ट बोलकी आहे. मॅनहॅटनमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. साधारण एक एकर जागा, आणि त्यावर कुठेही मागे न सरता सरळ वर गेलेले अडतीस मजले. तिच्या सावलीत आजूबाजूच्या इमारतींचा उजेड गेला. पुढच्याच वर्षी, १९१६ च्या जुलैमध्ये, शहराने विभागीकरणाचा ठराव केला. इमारत जसजशी वर जाईल तसतशी ती मागे सरली पाहिजे, म्हणजे खाली रस्त्यावर ऊन पोचेल, असा त्यातला एक नियम. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात त्या या नियमामुळे. हा झाला स्वच्छ हेतू. उजेड ही गरज, हे १६१० चंच तत्त्व, फक्त एका शेजाऱ्याऐवजी सगळ्या शहरासाठी आधीच लिहून ठेवलेलं.

पण त्या ठरावामागे आणखी एक मंडळी होती. फिफ्थ ॲव्हेन्यूवरचे बडे दुकानदार. त्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये कपडे शिवण्याचे कारखाने आले होते, आणि दुपारच्या सुट्टीत त्या कारखान्यांतले स्थलांतरित कामगार फिफ्थ ॲव्हेन्यूवर पाय मोकळे करायला येत. दुकानदारांना ती गर्दी नको होती. श्रीमंत गिऱ्हाईक बिचकतं, अशी त्यांची तक्रार. कारखाने तिथून हटवण्यासाठी त्यांनी जी मोहीम चालवली ती आणि सावलीविरुद्धची मोहीम एकाच ठरावात येऊन मिळाल्या. एका कागदावर दोन सह्या, एक उन्हासाठी आणि एक माणसं हटवण्यासाठी.

दहा वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावाचा खटला गेला. एका जमीन कंपनीची ६८ एकर जागा गावाच्या विभागीकरणात अडकली होती. १९२६ साली सहा विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालयाने गावाची बाजू उचलली, आणि अमेरिकेत विभागीकरणाला कायमचं बळ मिळालं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी पुन्हा डुकराचाच दाखला दिला. उपद्रव म्हणजे कधी कधी नुसती चुकीच्या जागी असलेली बरोबर वस्तू, गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेल्या डुकरासारखी, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य. आणि मग त्याच निकालात, बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या घरांच्या इमारतीला त्यांनी बांडगुळ म्हटलं. आजूबाजूच्या मोकळ्या जागेचा फायदा उपटणारी, असं तिचं वर्णन केलं.

डुकराकडून भाडेकरूपर्यंत किती सहज आले ते. ऑल्ड्रेडच्या घरात वास येत होता, वास हा वास असतो, कुणाच्याही नाकाला येतो. चार बिऱ्हाडांच्या इमारतीतून काय येत होतं? माणसं. लुइव्हिल शहराने कोणत्या वर्णाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहायचं हे वटहुकमाने ठरवलं होतं, तो वटहुकूम त्याच न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला होता. उघडपणे माणसं वगळायची वाट बंद झाल्यावर प्लॉटचा किमान आकार, एका प्लॉटवर एकच कुटुंब, समोर सोडायची जागा, गाड्या उभ्या करायची सोय अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या आकड्यांनी तेच काम पुष्कळ ठिकाणी केलं. आकडा कुणाचाच अपमान करत नाही. अमुक इतक्या क्षेत्राहून लहान प्लॉट पाडता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. तेवढा प्लॉट ज्याला परवडत नाही तो आपोआप बाहेर राहतो.

हे लिहिताना मला स्वतःला वगळता येणार नाही. एका बांधकामाविरुद्धच्या अर्जावर मीही एकदा सही केली आहे. अर्जात रहदारीविषयी तीन परिच्छेद होते. ते मी वाचले नाहीत. माझी गाडी ज्या झाडाखाली उभी असते तिथे आता दुसऱ्या कुणाची गाडी उभी राहील, एवढंच माझ्या मनात होतं. रस्ता सार्वजनिक, झाड सार्वजनिक, पण त्या सावलीचा सातबारा जणू माझ्या नावावर होता.

रहदारी ही आजच्या हरकतींची राणी आहे. माणसं नकोत असं म्हणता येत नाही, देखावा जातो म्हटलं तर कुणी ऐकत नाही, उजेड जातो म्हटलं तर मोजून दाखवावं लागतं. रहदारी वाढेल असं म्हटलं की सगळे माना डोलावतात. ती खरोखर वाढू शकते, म्हणूनच हे कारण इतकं उपयोगी आहे. पण ते ऐकताना काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

नवी इमारत आली की किती गाड्या वाढतील, हे सांगणारे तक्ते अभियंत्यांकडे असतात. अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेचे असे तक्ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी त्यांची जी चिरफाड केली ती वाचण्यासारखी आहे. १९८० च्या दशकातल्या आवृत्तीत गाडीत बसूनच खाणं घेता येतं अशा उपाहारगृहासाठी दर हजार चौरस फुटांमागे दिवसाला ६३२.१२५ फेऱ्या, असा आकडा होता. दशांशापुढे तीन घरं! आणि तो कशावरून काढला, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या जागांच्या पाहणीवरून, ज्यात उपाहारगृहाचा आकार आणि गाड्यांची संख्या यांचा एकमेकांशी धड संबंधही दिसत नव्हता. शिवाय अशा पाहण्या बहुतांशी उपनगरांतल्या, जिथे गाडी लावायला पैसे पडत नाहीत आणि बस फिरकत नाही अशा जागांच्या. तिथला आकडा उचलून तो बसथांब्यासमोरच्या इमारतीला लावायचा आणि मग म्हणायचं की गणिताने सिद्ध झालं.

रस्त्यालाही शाळेसारखी श्रेणी देतात, इंग्रजी ए पासून एफ पर्यंत. चौकात चालकाला किती सेकंद थांबावं लागतं त्यावर ती ठरते. पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडायला किती थांबावं लागतं, हे त्या हिशेबात येत नाही. याचा परिणाम विचित्र होतो. गजबजलेल्या भागात, जिथे दुकान, शाळा, स्टेशन पायी गाठता येतं, तिथे चाळीस घरं बांधायची म्हटली की शेजारचा चौक नापास होतो आणि परवानगी अडते. तीच चाळीस घरं गावाबाहेर माळावर बांधली तर जवळ चौकच नसतो, त्यामुळे नापास व्हायचा प्रश्न नाही. मग त्या चाळीस घरांतली माणसं रोज मैलोन्मैल गाडी चालवत याच गजबजलेल्या भागात येतात. कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा करून पर्यावरण परीक्षणातून ही श्रेणी काढायचं ठरवलं आणि त्याऐवजी माणसं एकूण किती अंतर गाडीने कापतील हे मोजायचं ठरवलं. तो बदल राज्यभर लागू व्हायला २०२० उजाडलं. एक चुकीची मोजपट्टी बदलायला सात वर्षं.

गाड्या लावायच्या सक्तीचंही असंच. दर घरामागे अमुक गाड्यांची जागा हवी, हा नियम रहदारीच्या भीतीतून येतो. एका गाडीचा चौकोन साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आत-बाहेर करायची वाट धरली की तो आकडा दुपटीच्या घरात जातो. तेवढ्या जागेत एक खोली आणि न्हाणीघर बसतं. ती जागा बांधायचा खर्च घराच्या किमतीत जातो, मग ज्याच्याकडे गाडी नाही तोही तो भरतो, आणि जागा फुकटात मिळाल्यासारखी वाटते म्हणून ज्याच्याकडे एक गाडी आहे तो दुसरी घेतो. रहदारी टाळण्यासाठी केलेला नियम रहदारीच पोसतो. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ साली ही सक्ती शहरभर उठवली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमान जागेच्या नियमाऐवजी कमाल जागेचा नियम आणला. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शहरांना ती सक्ती काढून टाकायला सांगितलं.

आणि रस्ता रुंद केला तर? दुरांतों आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी महामार्गांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की महामार्गाची लांबीरुंदी ज्या प्रमाणात वाढते जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. उलट बाजूचं उदाहरण दक्षिण कोरियाच्या राजधानीचं, सोलचं. तिथे शहराच्या मधोमध ओढ्यावर बांधलेला उन्नत मार्ग २००३ पासून पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तो ओढा पुन्हा उघडा झाला. वाहतूक ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. रहदारी पाण्यासारखी असते असं आपण धरून चालतो, एक वाट अडवली की तेवढंच पाणी दुसरीकडून वाहील. पण गाडी हाकणारा माणूस आहे. तो वेळ बदलतो, वाट बदलतो, बसने जातो, कधी जातच नाही.

यातून माझा निष्कर्ष असा की रस्त्याचा प्रश्न शेजाऱ्याच्या प्लॉटवर सोडवता येत नाही. तो रस्त्यावरच सोडवावा लागतो. गल्लीतून सुसाट गाड्या जातात ही तक्रार अगदी खरी असते, पण त्या गाड्यांपैकी बहुतेक त्या गल्लीतल्या नसतात, आणि समोरची इमारत चारऐवजी दोन मजल्यांची केल्याने त्यांचा वेग कमी होत नाही. वेग कमी होतो रस्त्याच्या घडणीने. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीला गल्ल्यांमध्ये झाडं, वळणं, बाकं आणून चालणारे आणि गाड्या यांना एकाच पृष्ठभागावर आणलं गेलं, आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना देशाच्या कायद्यात स्थान मिळालं. तिथे गाडीने पायी चालणाऱ्याच्या चालीने जायचं असतं. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ताशी ३० च्या मानाने पावणेतीनपट ऊर्जा असते, हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. त्यासाठी सुनावणी नको.

इथे एक सावधगिरी हवी, कारण गल्लीवाले लोक रस्त्याच्या उपायांतही चलाखी करतात. आपली गल्ली बंद केली की गाड्या शेजारच्या गल्लीत जातात, किंवा मुख्य रस्त्यावर, आणि मुख्य रस्त्याच्या कडेच्या घरांत बहुधा तीच माणसं राहतात ज्यांना आतल्या गल्लीतलं घर परवडलेलं नसतं. लंडनमध्ये २०२० नंतर अनेक वस्त्यांतले आतले रस्ते बाहेरून घुसणाऱ्या गाड्यांना बंद केले गेले, तेव्हा सगळ्यात तीव्र वाद याच मुद्द्यावर झाला. म्हणून एका गल्लीचा निर्णय त्या एका गल्लीला विचारून घ्यायचा नसतो. निदान पलीकडच्या मुख्य रस्त्यापर्यंतचा सगळा पट्टा एकत्र धरायला हवा.

मग शेजाऱ्यांचं ऐकायचंच नाही का? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणारे बरोबर असतात. रॉबर्ट मोझेस या न्यूयॉर्कच्या सर्वशक्तिमान अधिकाऱ्याला वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून रस्ता न्यायचा होता. शर्ली हेज, जेन जेकब्स आणि आसपासच्या आयांनी तो अडवला, इतकंच नाही तर १९५८ साली बागेतून आधीपासून जाणारी वाहनंही बंद करायला लावली. आजूबाजूचे रस्ते तुंबतील असं तज्ज्ञ सांगत होते. ते तुंबले नाहीत. बागेत रोज मुलांना घेऊन जाणाऱ्या बायकांना जे दिसत होतं ते नकाशावरून दिसत नव्हतं. पाऊस पडला की पाणी कुठे साचतं, शाळा सुटल्यावर कोपऱ्यावर किती पोरं रस्ता ओलांडतात, रात्री कोणता दिवा लागत नाही, हे शेजाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ते ऐकलंच पाहिजे. माझा आक्षेप ऐकण्याला नाही. माहिती देणाऱ्यालाच निकाल द्यायला बसवण्याला आहे.

कारण त्या खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं ते पाहा. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अनेक गावांच्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं तपासली. बोलणारे मतदारांच्या मानाने वयस्कर, जास्त करून पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक, आणि नव्या घरांना विरोध करणाऱ्यांची संख्या पाठिंबा देणाऱ्यांहून कितीतरी जास्त. यात लबाडी काही नाही. संध्याकाळी तीन तास बसायला ज्याला सवड आहे तो येतो. ज्याची पाळी रात्रीची आहे, जिचं मूल तापलंय, तो आणि ती येत नाहीत. आणि जी माणसं त्या इमारतीत राहायला येणार आहेत ती तर कधीच येऊ शकत नाहीत, कारण आज ती कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या खोलीत राहत असतात आणि ही इमारत होणार आहे हे त्यांना ठाऊकही नसतं. त्यांच्या वतीने बोलतो तो एकटा बांधकाम करणारा, आणि त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

शिवाय प्रत्येक इमारतीवर वेगळी सुनावणी म्हणजे प्रत्येक इमारतीवर वेगळा सौदा. समजा उंचीचा नियम आठ मीटरचा, पण सवलत मिळू शकते. सवलत कुणाला, किती, कशाच्या बदल्यात, हे बैठकीत ठरतं, नाहीतर बैठकीआधी ठरतं. जिथे नियम कडक आणि सवलत अधिकाऱ्याच्या मर्जीवर, तिथे पैसा मर्जीकडे वाहतो. लहान मालक, ज्याला माडी चढवून एक बिऱ्हाड ठेवायचं आहे, त्या बैठकीपर्यंत पोचतच नाही. वकील आणि वास्तुविशारद ज्यांच्या पदरी आहेत तेच पोचतात. मग वस्तीला वाटतं की फक्त बड्यांनाच परवानग्या मिळतात. ते खरंच असतं, पण त्याचं कारण वस्तीनेच मागितलेली ही केसागणिक तपासणी असते.

म्हणून वस्तीचा आवाज नकाशा करताना लागला पाहिजे, इमारत मंजूर करताना नाही. जपानमध्ये विभागांचे तेरा प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरवलेले आहेत. कुठे कोणता लावायचा हे शहर ठरवतं, पण नवा प्रकार शोधून काढून एखाद्या गल्लीभोवती भिंत घालणं शहराला जमत नाही. पूर्णतः औद्योगिक विभाग सोडला तर जवळजवळ सगळीकडे घर बांधता येतं. एकदा नियमात बसलं की शेजाऱ्याची नावड आड येत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात जास्त घरांना एकदमच मोकळीक दिली. त्याआधी हरकती आल्या, स्वतंत्र मंडळाने त्या ऐकल्या, भांडणं कडाक्याची झाली. पण ती एकदा झाली, सगळ्या शहराची मिळून झाली, आणि पुढच्या वर्षांत तिथलं बांधकाम स्पष्टपणे वाढलं. एकाच वस्तीवर सगळा भार आला नाही, म्हणून आमच्याच दारात का, हा प्रश्नही थोडा बोथट झाला.

नकाशाच्या त्या टप्प्यावरही सवड असलेलेच येणार, हे मान्य. त्यावर उपाय जुना आहे, चिठ्ठ्या टाकून माणसं निवडणं. मेलबर्न शहराने २०१४ साली आपल्या दहा वर्षांच्या आर्थिक आराखड्यासाठी अशाच निवडीतून ४३ नागरिकांचा गट बसवला होता. पैशांचा आराखडा असा होऊ शकतो तर जमिनीचा का नाही? त्या गटात भाडेकरू, तरुण आणि दोन पाळ्यांत राबणारेही येतील, आणि त्यांना बैठकीचं मानधन द्यायला हवं.

मंजुरीच्या टप्प्यावर मग दोनच प्रश्न उरावेत. नियमात बसतं का, आणि नियमाने न पकडलेला मोजता येईल असा अपाय होतो का. पाणी माझ्या भिंतीत मुरेल, पाया खणताना माझं जोतं खचेल, यंत्राचा आवाज रात्री घरात येईल. असं म्हणणाऱ्याला पुरावा मांडायची पूर्ण संधी आणि अपाय ठरलाच तर भरपाई किंवा बदल. वस्तीचा चेहरामोहरा बदलेल, एवढंच म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगायचं की बदलेल. तुम्ही आलात तेव्हाही तो बदलला होता.

याने सगळं सुटत नाही, हे मला दिसतं. नियमच वाईट असेल तर तो सगळीकडे सारखाच वाईट लागू होईल, आणि नियम करणाऱ्यांवर बड्या बिल्डरांचं वजन असतंच. जुनी झाडं, जुने वाडे यांचं मोल मोजपट्टीत बसत नाही, त्यांची यादी आधीच करून ठेवावी लागेल आणि ती यादीसुद्धा उद्या लोक शेजाऱ्याला अडवायला वापरतील. वापरू देत. निदान ती सगळ्यांसमोर असेल आणि इमारतीचा अर्ज आल्यावर रातोरात वाढणार नाही.

नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या लोकांना भेटून एक पाहणी केली होती. एका रस्त्यावरून दिवसाला दोन हजार गाड्या जात, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, वर्दळीच्या रस्त्यावरच्याला एकही धड नव्हता, ०.९. त्यांनी लोकांसमोर रस्त्याचा नकाशाही ठेवला होता आणि विचारलं होतं, तुमचं घर कुठपर्यंत वाटतं, तेवढं दाखवा. सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावर लोकांनी आपल्या इमारतीपुरतीच, काहींनी तर आपल्या बिऱ्हाडापुरतीच रेघ ओढली. दोन हजारांच्या रस्त्यावर कित्येकांची रेघ रस्ता ओलांडून समोरच्या घरांच्या पलीकडे गेली. कुणाच्या खरेदीखतात तेवढी जागा नव्हती, आणि समोरच्यांनी त्यावर हरकत घेतली नाही.